भंगारांतील दिवा

आधार : निर्गम, अध्याय 4



मोशे मेंढरें राखीत होता आणि त्याच्या हातीं केवळ एक काठी होती. देवानें त्यास नवें शस्त्र दिलें नाहीं. जी काठी होती तिजविषयींच विचारिलें. हा अध्याय वाचतांना आम्हांस आफ्रिकेंतील मलावी देशाच्या एका मुलाची आठवण होते.

विल्यम कामक्वांबा हा मासिताला नांवाच्या खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा. सन 2001 सालीं मक्याचें पीक बुडालें, व मग दुष्काळ पडून माणसें उपाशीं मेलीं. घरीं पोटभर अन्न नाहीं, तेथें शाळेची फी कोठून द्यावी? शाळा सुटली. तेव्हां तो गांवच्या प्राथमिक शाळेंतील लहानशा ग्रंथालयांत जाऊं लागला. इंग्रजी धड वाचतां येत नसे. चित्रांवरून तो मजकुराचा अर्थ लावी. एका पुस्तकांत त्यास पवनचक्की दिसली.

मग त्यानें भंगार धुंडाळिलें. मोडकी सायकल, ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा डायनामो, असें कांहीं कांहीं जमविलें. प्लॅस्टिकचे नळ विस्तवावर तापवून, चपटे करून त्यानें पातीं केलीं, आणि निलगिरीच्या खांबांचा मनोरा उभारिला. लोक त्यास वेडा म्हणत. 2002 सालीं, चौदा-पंधरा वर्षांचा असतां, त्यानें तें चाक वाऱ्यावर सोडिलें, आणि दिवा लागला! पुढें 2014 सालीं तो अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयाचा पदवीधर झाला.

आमच्या केळापूर तालुक्यांत वारा सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारखा वाहत नाहीं. म्हणून कोणी उद्यांच मनोरा उभारावयास निघूं नये. परंतु कापूस बुडाला म्हणजे मुलाची शाळा सुटते, ही गोष्ट आम्हांस परकी नाहीं. उपदेशक बंधूंनो, तुमच्या गांवीं असें मूल कोणतें, हें तुम्हांस विचारावें लागणार नाहीं.

आमचेंही एक कबूल करितों. मागील वर्षीं मंडळींतील एका मुलानें मंदिराचा बिघडलेला भोंगा उघडून त्याचे भाग ओट्यावर मांडिले. आम्हीं सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली, मंडळी हंसली. तो भोंगा दोन वर्षें मुकाच होता, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं. विल्यमला हंसणारे कोण होते, हें आम्हांस दूर शोधावें लागत नाहीं. मुलगा त्या दिवसापासून उपासनेस आला नाहीं.

मंदिराच्या कपाटांत जुनीं पुस्तकें आहेत, विजेच्या कामाचींही एकदोन आहेत. पण कपाटास कुलूप, आणि किल्ली आमच्या खिशांत. गेल्या रविवारीं ती घेऊन आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो कापूस वेंचावयास गेला होता. किल्ली त्याच्या आईजवळ ठेविली आहे.