दहावा कोण?

नवी दिल्लीत हुमायून मार्गावर १९५६ साली बांधलेले ज्यूडा हायम हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. पगारी धर्मगुरूवाचून, मूठभर सभासदांच्या बळावर ते चालत आले आहे. त्यांत कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांचा वाटा मोठा.

परंपरेप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊच जमले, तर मृताच्या आप्ताला 'कद्दिश' म्हणता येत नाही. दहाव्याची विद्वत्ता कोणी विचारीत नाही, श्रद्धाही मोजीत नाही. तो आला म्हणजे पुरे. हजेरीपटावर आयुष्य काढणाऱ्या आम्हां कारकुनांस हा नियम जवळचा वाटतो.

दिल्लीच्या ह्या मंडळीने स्त्रियांनाही दहांत धरले. सनातनी यहुदींस ते मान्य नाही. दुसरा कोणी म्हणेल, माणसे थोडी म्हणून हे सुचले. अमेरिकेत यहुदींची वाण नसताही तेथील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मनिर्णय समितीने १९७३ साली तशी मुभा दिली, तो खरा न्याय!

आम्हांस हा भेद पटत नाही. शुद्ध हेतूची वाट पाहत बसावे, तर बाप गेलेल्या माणसाने तोवर काय करावे? गरजेपोटी न्याय घडला म्हणून त्यास कमीपणा का यावा? शंका घ्यावयाचीच, तर ती पुढच्या दिवसाविषयी घ्यावी. उद्या दहा पुरुष सहज जमले, तर काल जिच्यामुळे प्रार्थना झाली तिला मागे सरण्यास सांगतात काय?