माथ्यावर ‘खासगी’

२८ सप्टेंबर १८६३ रोजी फिलाडेल्फियातून अब्राहम लिंकन यांना एक पत्र गेले. माथ्यावर शब्द होता ‘खासगी’. लिहिणाऱ्या सारा जोसेफा हेल चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाची संपादिका या नात्याने त्यांनी राष्ट्राध्यक्षांचा थोडा वेळ मागितला होता. थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे कृतज्ञतेचा, सण तेव्हा एकेक राज्य आपापल्या तारखेला पाळत असे. तो साऱ्या देशाने एकाच दिवशी पाळावा आणि तो दिवस कायमचा ठरावा, एवढीच त्यांची मागणी होती.

हे पत्र सावकाश वाचावे. सोबत तीन कागद जोडले आहेत, आणि ते छापील असल्यामुळे वाचायला सोपे आहेत, असे बाई आवर्जून सांगतात. पंधरा वर्षे आपण ही कल्पना मासिकातून मांडतो आहोत, राज्यपालांना, परदेशातील राजदूतांना, नौदलाच्या अधिकाऱ्यांना पाठवतो आहोत, हे त्या नोंदवतात. दोन राज्यपालांची अनुकूल उत्तरेही पाकिटात घालतात. पुढे येतो कायद्याचा मुद्दा. राज्यांवर राष्ट्राध्यक्षांची सक्ती चालणार नाही. पण राजधानीचा प्रदेश, लष्कर, नौदल आणि परदेशातले अमेरिकन नागरिक तर त्यांच्या अखत्यारीत येतात. तेवढ्यांसाठी जाहीरनामा काढावा आणि राज्यपालांना आवाहन करावे. यंदा नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार २६ तारखेला येतो, त्यामुळे घाई हवी. परराष्ट्रमंत्री सुअर्ड यांना आपण आधीच लिहिले आहे, हेही त्या सांगून ठेवतात. कामात बुडालेल्या माणसाला ‘हो’ म्हणणे किती सोपे करून द्यावे, याचा याहून चांगला नमुना मिळणे कठीण. पाचव्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, जाहीरनामा निघाला. तो लिहिला होता सुअर्ड यांनी.

एवढे यश एका पत्राच्या पदरात घालणे बरोबर नाही. यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या विजयाबद्दल लिंकन यांनी त्याच वर्षी ६ ऑगस्टला कृतज्ञतेचा दिवस पाळायला लावला होता. जमीन नांगरलेली होती. पण नेमके काय पेरायचे, हे हेलबाईंना पक्के ठाऊक होते.

हे कसब पोटासाठी कमावलेले होते. १८२२ मध्ये नवरा वारला, पदरी पाच मुले. १८२७ मध्ये कादंबरी आली, पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये संपादकाची खुर्ची मिळाली. १८३७ मध्ये लुई गोडी यांनी त्यांना आपल्या फिलाडेल्फियातील मासिकात घेतले, पण धाकट्या मुलाचे हार्वर्डमधले शिक्षण पुरे होईपर्यंत त्या बोस्टनमध्येच राहिल्या. चार वर्षे त्यांनी दुसऱ्या शहरातले मासिक टपालावर चालवले! मताचा हक्क नसलेल्या बाईच्या हाती टपाल हे केवढे साधन होते, हे इथे दिसते. (तो हक्क बायकांना मिळावा, असे मात्र त्यांचे म्हणणे नव्हते.) स्त्रियांनी डॉक्टर व्हावे म्हणूनही त्यांनी लेखणी झिजवली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या त्या याच फिलाडेल्फियात.

तरीही त्या पत्रातली एक गोष्ट सलत राहते. देश यादवीत होरपळत असताना त्यात युद्ध नाही, गुलामगिरीही नाही. लढाईची चाहूल लागते ती एका राज्यपालाच्या नावापाशी: तो आता सेनापती झाला आहे, अशी कंसातली नोंद. वर्गणीदार उत्तरेत होते तसे दक्षिणेतही होते, आणि गोडी यांच्या मासिकाने राजकारणाला उंबऱ्याबाहेरच ठेवले होते. सगळ्या राज्यांच्या दिवाणखान्यांत जाणाऱ्या मासिकाची संपादिका म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन होते. ते वजन या मौनातून आले होते.

दुसरा रस्ताही होता, आणि त्याची किंमत हेलबाईंनी जवळून पाहिली होती. लिडिया मारिया चाइल्ड मुलांसाठी ‘जुव्हेनाइल मिसेलनी’ काढत. १८३३ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिले, वर्गणीदार तुटले, आणि वर्षभरात त्यांना मासिक सोडावे लागले. ते पुढे चालवायला घेतले हेलबाईंनी.

चाइल्डबाईंची पत्रे खासगी राहिली नाहीत. १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध उठाव करणारा जॉन ब्राऊन जखमी होऊन तुरुंगात पडला, तेव्हा त्याची शुश्रूषा करू द्या असे त्यांनी व्हर्जिनियाच्या राज्यपालांना लिहिले. वाद पेटला, पत्रे वर्तमानपत्रात आली. तिथल्या एका सिनेटरच्या पत्नीने सुनावले की आम्ही गुलाम बायकांची बाळंतपणेसुद्धा काढतो. चाइल्डबाईंनी उत्तर दिले: आमच्याकडेही बाळंतिणीला मदत मिळते, फक्त नंतर आम्ही तिचे मूल विकत नाही. या पत्रव्यवहाराची पुस्तिका १८६० मध्ये निघाली आणि तिच्या तीन लाख प्रती खपल्याचे सांगतात.

हेलबाई १८७७ पर्यंत संपादिका होत्या. त्या खासगी पत्रातला ‘कायमचा’ हा शब्द कायद्यात उतरला तो १९४१ च्या डिसेंबरात, अमेरिका आणखी एका युद्धात उतरली त्याच महिन्यात.