सत्याचा अलंकार

न्यूयॉर्कमधील पार्क ॲव्हेन्यूवर १९५८ साली पूर्ण झालेली सीग्राम इमारत अनलंकृत वास्तुकलेचा आदर्श मानली जाते. मीस व्हान डेर रोह या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने फिलिप जॉन्सनच्या साहाय्याने एका मद्य-उत्पादक कंपनीसाठी ही ३८ मजली कचेरी उभारली. इमारतीने आपला सांगाडा लपवू नये, जे भार वाहते तेच दिसावे, ही या संप्रदायाची निष्ठा. नेमक्या याच निष्ठेला अग्निसुरक्षेचे नियम आडवे आले. पोलाद आगीत मऊ पडते; ते काँक्रीटने झाकणे भाग होते. खरा सांगाडा असा दडला. तेव्हा मीसने काचेच्या भिंतीवर ब्राँझच्या उभ्या तुळया जडवल्या. त्यांचा छेद पोलादी तुळईसारखाच; इमारतीचा भार मात्र त्या वाहत नाहीत. आतले सत्य बाहेर कळावे म्हणून बाहेर त्याचे सोंग उभे केले गेले. याला असत्य म्हणावे काय?

संस्कृत साहित्यशास्त्राला हा पेच अपरिचित नाही. दंडीने स्वभावोक्तीला अलंकारांत स्थान दिले. कुंतकाने ते नाकारले. वस्तूचा स्वभाव हाच अलंकार ठरला, तर अलंकृत करावयाचे उरले काय, हा त्याचा आक्षेप. मीसच्या तुळया कुंतकाच्या बाजूने साक्ष देतात. तेथे स्वभाव झाकलेला आहे; दिसते ती त्याची उक्ती, म्हणजे निवडलेली, रचलेली, आणि हिरवी पडू नये म्हणून तेल लावून जपावी लागणारी. रंगभूमीवरचा राजा राजा नसतो, म्हणून नटाला कोणी लबाड म्हणत नाही. या तुळयांनीही कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही.

नैतिक प्रश्न उद्भवतो तो आत, खिडकीपाशी. पडदे कमीअधिक ओढले गेल्यास दर्शनी भागाची शिस्त बिघडेल, म्हणून त्यांना तीनच स्थिती ठेवण्यात आल्या : पूर्ण उघडा, अर्धा, पूर्ण बंद. इमारतीचे तोंड पश्चिमेला. कलते ऊन डोळ्यांवर आलेल्या कारकुनाला पडदा वीतभरच खाली हवा असेल, तर तेवढी मुभा त्याला नव्हती. रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला चित्र अखंड दिसले पाहिजे. याच वास्तूने पुढची जागा मोकळी सोडून शहराला एक चौक दिला, हेही खरे. १९६१ च्या नियमांनी तर असा चौक सोडणाऱ्यांना अधिक बांधकामाची सवलत देऊ केली. ते औदार्य वाटसरूच्या वाट्याला आले. वरच्या मजल्यावरील कारकुनाला त्या चौकाचा उपयोग जेवणाच्या सुट्टीपुरता.