थांबण्याची साधना: एका बॅटरची आणि त्याच्या गुरूची गोष्ट



केंद्र इंदूरचे असो, बडोद्याचे असो की नागपूरचे, सत्संगानंतरच्या प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो. ध्यानाला बसल्यावर मन शांत असते, पण घरी कोणी काही बोलले की उत्तर तोंडातून निघून गेलेलेच असते. मग त्या वीस मिनिटांचा उपयोग काय? प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाईटही वाटत असते. काही घरांत दोन भाऊ बारा-बारा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि कारण शोधत गेले तर शेवटी हाती एक वाक्य लागते. रागाच्या भरात सुटलेले एकच वाक्य.

या प्रश्नासाठी आज आपण जरा लांब जाऊ, जपानमधल्या एका बेसबॉलच्या मैदानावर.

ज्यांनी शाळेत सॉफ्टबॉल खेळला आहे त्यांना हा खेळ लगेच कळेल. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांत तो खेळला जातो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. म्हणजे आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही थोडे कमीच अंतर. चेंडू टप्पा न पडता थेट येतो, आणि वेगवान पिचरचा असेल तर अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये वेग कमी असतो, पण अंतरही ४३ फूटच असते, त्यामुळे मिळणारा वेळ जवळपास तेवढाच. एवढ्या वेळात चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि बॅट फिरवायची. बॅटरसमोर गुडघ्यापासून छातीपर्यंतची एक चौकट कल्पिलेली असते. चौकटीतला चेंडू सोडला तर स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की बाद. पण चौकटीबाहेरचा चेंडू सोडला तर तो तुमच्या खात्यात जमा होतो. असे चार सोडले की बॅट न फिरवताच पहिल्या बेसवर जायला मिळते. सोडून देण्याचाही हिशेब ठेवणारा हा खेळ आहे, हे कॉमर्सचा विद्यार्थी म्हणून मला फार आवडले.

आता ज्याची गोष्ट सांगायची तो सादाहारू ओह. १९४० मध्ये टोकियोत जन्मलेला, वडील चिनी, आई जपानी. शाळकरी वयात तो नदीकाठच्या मैदानावर खेळत असताना हिरोशी अराकावा नावाचे एक व्यावसायिक खेळाडू तिथून चालले होते. मुलगा चेंडू डाव्या हाताने फेकतो आणि बॅटिंग मात्र उजव्या बाजूने करतो, हे त्यांच्या लक्षात आले. डाव्या बाजूने मारून बघ, एवढेच त्यांनी सुचवले. त्या मुलाने तसे केले आणि चेंडू लांब गेला. भेट तिथेच संपली.

पुढे १९५९ मध्ये ओह योमिउरी जायंट्स या मोठ्या संघात आला. सुरुवात अशी की पहिल्या २६ प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाला नाही. त्याच्या आडनावाचे अक्षर म्हणजे ‘राजा’. त्यामुळे प्रेक्षकांना आयतेच सापडले. ते त्याला स्ट्राइकआउटचा राजा म्हणून चिडवू लागले. तीन वर्षे गेली, तरी खेळ बरा आणि वाईट यांच्या मधेच लोंबकळत होता. ताकद होती, नजर होती. पण त्याला एक खोड होती. चेंडू येत असताना त्याचे हात आधी एक झटका घेत आणि मग बॅट पुढे येई. त्या झटक्याने काहीच साधत नसे. पण सगळा खेळच अर्ध्या सेकंदाचा, त्यातला मोलाचा भाग तिथेच खर्च होई.

१९६२ मध्ये अराकावा त्याच संघाचे बॅटिंग प्रशिक्षक म्हणून आले. इतक्या वर्षांनी गुरू-शिष्य पुन्हा भेटले, तेही कोणी न ठरवता. त्यांनी तो झटका ओळखला. झटका देऊ नकोस, असे सांगून तो जाणार नव्हता, जसे ‘रागावू नकोस’ असे सांगून आपल्या घरात कोणाचा राग गेलेला नाही. म्हणून त्यांनी त्याला एका पायावर उभे केले. पिचर चेंडू टाकायला निघाला की ओहने पुढचा, म्हणजे उजवा पाय उचलायचा आणि डाव्या पायावर तोल सांभाळत चेंडूची वाट पाहायची. एका पायावर उभ्या माणसाला फालतू हालचाल परवडत नाही, शरीर लगेच डगमगते. १ जुलै १९६२ रोजी ओह सामन्यात प्रथमच असा उभा राहिला आणि त्याच दिवशी त्याने होमरन मारला. आदल्या पूर्ण वर्षात त्याचे होमरन १३ होते, त्या वर्षी ३८ झाले. अमेरिकेत या पवित्र्याला फ्लेमिंगोची उपमा दिली गेली. आपल्याकडे एका पायावर उभ्या राहणाऱ्या बगळ्याचे ध्यान म्हणजे ढोंग, पण इथला बगळा खरोखरच साधना करत होता.

सामन्यातला तो क्षण सगळ्यांना दिसला, त्यामागची खोली दिसली नाही. अराकावा स्वतः आयकिदोचे साधक होते. त्यांनी ओहला या विद्येचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा यांच्याकडे नेले. घरी रात्री उशिरापर्यंत त्याच्याकडून नुसती हवेत बॅट फिरवून घेतली. मग बॅट बाजूला ठेवून हातात जपानी तलवार दिली. छताला दोऱ्याने कागदाची पट्टी टांगायची आणि ती तलवारीने कापायची. तुम्ही हे मनात करून पाहा. टांगलेल्या कागदावर जोर लावला तर कागद तुटत नाही, नुसता बाजूला होतो. घाई केली तरी तेच. धार अगदी नेमक्या रेषेत, नेमक्या क्षणी उतरली तरच कागद दोन होतो. रागाने, हट्टाने किंवा दाखवण्यासाठी केलेल्या वाराला कागद दाद देत नाही. ओह हे काम रात्रीमागून रात्री करत राहिला. त्याआधी बाहेरच्या मौजमजेत रात्री घालवण्याची त्याला सवय होती. त्या सवयीचे काय झाले ते वेगळे सांगायला नको.

या शिक्षणात एक जपानी शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘मा’. तुमच्या आणि समोरच्याच्या मधली जागा, आणि त्या जागेतला वेळही. नवखा बॅटर ही जागा पिचरच्या स्वाधीन करतो. पिचर हलला की हा हलतो. ओह शिकला तो ही जागा आपल्यापाशी ठेवायला. चेंडूचा वेग तोच, अंतर तेच, तरीही त्याला वेळ पुरू लागला, कारण आधीच्या झटक्यात जाणारा वेळ वाचला होता.

साधकांनो, आता आपल्या प्रश्नाकडे या. कोणी बोलले आणि आपण उत्तर दिले, यात वेगाचा दोष नाही. उत्तर लगेच द्यावे लागते, ओहलाही बॅट लगेचच फिरवावी लागे. दोष त्याआधीच्या झटक्यात आहे. समोरच्याचे वाक्य अर्धे झालेले असते आणि आत ‘झालं, पुन्हा तेच’ असा हिसका बसतो. सून काही विचारू लागते आणि सासूबाईंच्या मनात दहा वर्षांपूर्वीचा प्रसंग हलतो. वडील फोनवर ‘रिझल्ट’ एवढा एकच शब्द उच्चारतात आणि मुलाचा आवाज चढतो. माझ्या वयाच्या, सीएच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना हे नीट कळेल. वडिलांना कदाचित तारीखच विचारायची असते. आपण मात्र न आलेल्या चेंडूवर बॅट फिरवून बसतो.

ध्यानात आपण नेमका हा हिसका पाहायला शिकतो. तो दाबायचा नाही, दाबलेला झटका दुसरीकडून निघतो. आत काय हलले ते फक्त दिसू द्यायचे. आणि थांबणे म्हणजे गप्प बसणे, सोसत राहणे असा अर्थ कोणी घेऊ नये. ओह एका पायावर थांबे आणि मग सगळ्या ताकदीनिशी मारी. जिथे स्पष्ट बोलायला हवे तिथे साधकाने स्पष्टच बोलावे. ते बोलणे समोर आलेल्या शब्दाला असावे, जुन्या आठवणीला नसावे, इतकेच.

आता सोडायच्या चेंडूंविषयी. अमेरिकेतला टेड विल्यम्स हा यातला जाणकार. बॅटिंगवर त्याने लिहिलेल्या पुस्तकात एक चित्र आहे. त्यात ती चौकट ७७ चेंडूंनी भरलेली आहे आणि कुठला चेंडू मारला तर यशाची शक्यता किती, हे प्रत्येकावर लिहिले आहे. मधल्या चेंडूंवर हजारात ४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात २३०. म्हणजे चौकटीतलेही सगळे चेंडू त्याने आपले मानले नाहीत. आपल्या मोबाइलवर सकाळपासून येणारे संदेश या नजरेने एकदा पाहा. नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणी काही टोमणा टाकला. तो चेंडू तुमचा आहे का?

याच विल्यम्सने १९४१ मध्ये हजारात ४०६ ही सरासरी गाठली. अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये त्यानंतर आजवर कोणालाही पूर्ण हंगामात ४०० गाठता आलेले नाही. आमच्या परीक्षेत ४० टक्के म्हणजे काठावर पास. इथे ते शिखर आहे, आणि शिखरावरचा माणूसही दहातल्या जवळजवळ सहा वेळा रिकाम्या हाताने परततो. तेव्हा आठवड्यात चार वेळा चिडलात म्हणून साधना सोडून देऊ नका.

एक गोष्ट विशेषतः केंद्रांवर शिकवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी. ओहचे यश पाहून एका पायावर उभे राहणारा प्रत्येक बॅटर ओह झाला नाही, होणारही नव्हता. ते औषध एका माणसाच्या एका खोडीवर होते. अराकावांनी आधी दोष पाहिला आणि मग उपाय दिला. आपण कित्येकदा उलटे करतो. आपल्याला ज्याने बरे वाटले तेच समोरच्याला देतो, आणि त्याला लागू पडले नाही की त्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणतो. हे चुकीचे आहे, आणि नवा साधक यानेच दुरावतो. समोरच्या माणसाकडे अराकावांइतके बारकाईने पाहायला वेळ लागतो, तो द्यावा.

ओह १९८० पर्यंत खेळला. त्याचे ८६८ होमरन झाले. अमेरिकेतला हँक आरनचा आकडा ७५५ होता. जपानची मैदाने लहान, तिथले पिचर वेगळे, असा वाद अमेरिकेत झाला, तो चालू द्या. मला त्याच्या आत्मचरित्रातला एक सूर जास्त मोलाचा वाटतो. ज्यांच्याविरुद्ध तो इतकी वर्षे उभा राहिला त्या पिचरांकडे तो शत्रू म्हणून पाहत नाही, त्यांना तो सोबती मानतो. चेंडू टाकणारा नसता तर तो शिकला कोणाकडून असता? आपल्या घरात आपल्याला सर्वांत जास्त छेडणारी व्यक्ती कोण, हे तुम्हाला माहीत आहे. आज ध्यानाला बसाल तेव्हा तिला क्षणभर समोर आणा.

आणि या आठवड्यापुरते एक करून पाहा. त्या व्यक्तीचा फोन आला की उचलण्याआधी एक श्वास पूर्ण आत घ्या, पूर्ण बाहेर सोडा. ती बोलू लागली की तिचे पहिले वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. दुसरे वाक्य बहुधा तुम्ही गृहीत धरले होते त्याहून वेगळे निघेल. काय निघाले ते रात्री वहीत एका ओळीत लिहून ठेवा, आणि पुढच्या सत्संगाला वही सोबत आणा.