प्रपंचच सोडून गेला तर?

प्रपंच टाकून रानात जावे असे आपल्या संप्रदायाने कधी सांगितले नाही. बायकामुलांत राहावे, शेत नांगरावे, दुकान चालवावे, गळ्यात तुळशीची माळ असावी, एकादशी चुकू नये आणि आषाढी-कार्तिकीला पंढरी गाठावी, एवढेच मागणे. त्यामुळे घर सोडावे की नाही, हा प्रश्न वारकऱ्यापुढे फारसा उभा राहत नाही. परंतु त्याच्या उलट जो प्रश्न आहे, त्याचा खल आपण फडावर सहसा करीत नाही, आणि आता तर तो दाराशी येऊन उभा आहे. माणसाने प्रपंच सोडला नाही, पण प्रपंचच त्याला सोडून गेला, तर त्याने काय करावे?

आमच्याकडे आलेले एक पत्र समोर आहे. नावगाव अर्थातच सांगत नाही. लिहिणारे गृहस्थ त्रेसष्ट वर्षांचे, माळकरी, नोकरीतून निवृत्त झालेले. लग्नाला छत्तीस वर्षे झाली. दोन मुले, दोघांचीही लग्ने झाली. धाकटीचे लग्न उरकून महिना झाला नाही तोच एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवून पत्नी म्हणाली, "अहो, आता माझं सगळं करून झालं. मला वेगळं राहायचंय." भांडण नाही, रडारड नाही. गृहस्थांना कसले व्यसन नाही. बायकोवर कधी हात उगारल्याचे त्यांना आठवत नाही. आठ दिवसांत बहिणीच्या घराशेजारी दोन खोल्या घेऊन बाई राहायला गेल्यासुद्धा. पत्रात दोन प्रश्न आहेत. एक, "माझं काय चुकलं ते तरी तिनं सांगायला नको का?" आणि दुसरा, "मी आता घराला कुलूप लावून आळंदीला जाऊन राहावे काय?"

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण आळंदीचे नाव निघाले की आम्हाला तिथल्याच एका जोडप्याची आठवण होते. आपेगावचे विठ्ठलपंत आणि आळंदीच्या सिधोपंतांची कन्या रुक्मिणीबाई, म्हणजे माउलींचे आईवडील. विठ्ठलपंतांनी तरुण बायको मागे ठेवून काशीस जाऊन संन्यास घेतला, आणि घेताना आपल्याला बायको आहे ही गोष्ट गुरूंपासून लपवली, असे परंपरा सांगते. पुढे गुरूच यात्रेच्या निमित्ताने आळंदीत आले. नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीबाईंना त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि सारा उलगडा झाला. गुरूंनी शिष्याला परत संसारात पाठवले.

ही कथा आम्ही मुद्दाम सांगतो, कारण असल्या प्रसंगी ती हटकून चुकीच्या बाजूने वापरली जाते. "स्वामींनी नवऱ्याला परत पाठवलं ना? मग आपण चार वडीलधाऱ्यांनी मिळून या बाईला परत पाठवू," असे म्हणणारे प्रत्येक गावात भेटतात. नाही हो, हा न्याय इथे लागू पडत नाही. गुरूंनी फसवणूक दुरुस्त केली. पोटापाण्याची, आधाराची काही सोय न लावता आणि गुरूशी खोटे बोलून जो गेला, त्याला त्यांनी माघारी धाडले. छत्तीस वर्षे स्वयंपाक करून, मुलांची लग्ने लावून, समोर बसून, सांगून जी जाते, तिने कोणाची फसवणूक केली?

आणि ती कथा तिथेच संपत नाही, हेही ध्यानात घ्यावे. गुरूंनी परत पाठवले, पण गावाने परत घेतले नाही. संन्यास मोडून संसारात आलेल्या त्या कुटुंबाला वाळीत टाकले, आणि शेवटी त्या दोघांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. जाणाऱ्याला गावाने क्षमा केली नाही, येणाऱ्यालाही केली नाही. आज आपण त्या पोरांच्या पालख्या खांद्यावर घेतो. पण शेजारच्या घरात असे काही घडले की आपली जीभ कशी चालते, ते ज्याचे त्याने ऐकावे.

मधल्या वर्षांत रुक्मिणीबाईंनी काय केले? त्या काशीला धावल्या नाहीत. माहेरी, आळंदीतच राहून त्यांनी पिंपळाला प्रदक्षिणा घालण्याचा नेम धरला. आळंदीच्या देवळात सुवर्णपिंपळ दाखवतात, तो हाच, असे भाविक मानतात. लोक म्हणतात, त्या नेमाचे फळ मिळाले, नवरा परत आला. आम्हाला ती फळाची गोष्ट गौण वाटते. परत यायचे तेव्हा तो आला. नेमाने केले ते असे, की तोवरचा प्रत्येक दिवस उगवला आणि मावळला, आणि त्या बाईला त्या दिवसात करण्याजोगे काहीतरी होते.

म्हणून पत्रकर्त्या गृहस्थांना आमचे सांगणे असे, की आळंदीला जाऊन राहू नका. दर्शनाला जा, दोन दिवस राहा, परत या. मनाला चटका बसला म्हणजे जे उपजते त्याला आपल्याकडे स्मशानवैराग्य म्हणतात. इथे तर स्मशानही नाही. ज्या माणसासाठी रडायचे ते चार मैलांवर दोन खोल्यांत जिवंत आहे, भाजी निवडते आहे. अशा वेळी अंगावर घेतलेली विरक्ती ही विरक्ती नव्हे. ती रुसवा आहे. "बघ, तू गेलीस म्हणून मी कुठे जाऊन बसलो," असे देवाच्या आडून बायकोला सांगणे आहे. तुळशीच्या माळेला असल्या कामाला लावू नये.

नवसाचेही तेच. "विठोबा, तिला परत आण, मी अमुक करीन," असे मनात येईल. येऊ द्यावे, दुःखात माणूस काय काय बोलतो. पण त्या नवसाची बातमी मुलीकरवी तिकडे पोहोचेल अशी व्यवस्था करू नये. मुलांना वकील करू नये, दूतही करू नये. ती आईचीही आहेत.

इथे एक अडचण खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. घरात मृत्यू झाला तर आपल्या समाजाला काय करायचे ते माहीत असते. चूल पेटत नाही, शेजारीण पिठलं-भात आणून देते, दहावा होतो, तेरावा होतो, लोक येऊन नुसते बसतात. बायको किंवा नवरा सोडून गेला तर यातले काहीच नाही. सुतक नाही, भेटायला येणारे नाहीत; आले तर चौकशीला येतात. दुःख तर तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच, कारण मरणाऱ्याने आपल्याला नाकारलेले नसते. हा माणूस चारचौघांत हसत वावरतो आणि घरी येऊन दिवा न लावता बसतो. जेवण टळते, रक्तदाबाची गोळी राहते. फडकऱ्यांनी, दिंडीतल्या मंडळींनी अशा माणसाकडे जाऊन बसावे, आणि त्याला जेवायला बोलावताना कारण विचारू नये. जीव नकोसा झाल्याची भाषा तो करू लागला तर ती थट्टेवारी नेऊ नये. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, तिथे फोन लावून द्यावा.

आता पहिला प्रश्न. काय चुकले ते तिने सांगायला नको का? आमचा अंदाज असा, की तिने सांगितले असेल. मात्र ते वीस वर्षांपूर्वी, पोळ्या लाटताना, पाठमोरी असताना सांगितले असेल, आणि बाहेर वर्तमानपत्राचे पान उलटण्याचा आवाज झाला असेल. बायकांची मोठी गाऱ्हाणी पुष्कळदा लहान वाक्यांतून येतात. "मला कोणी विचारलंच नाही." "तुम्ही ठरवलंयच ना?" एकेका वाक्याने घर मोडत नाही, म्हणून ते कोणी ऐकतही नाही. कीर्तनात तुकोबांच्या आवलीचे नाव निघाले की मंडप हसायला लागतो. आम्हाला ते हसू रुचत नाही. भंडाऱ्यावर भाकरी घेऊन चढणारी बाई ती; तिच्या तोंडी जे बोल घातले जातात, त्यांत निम्मी तक्रार घरातल्या दाण्यांची आहे. ती खोटी होती काय?

तथापि उत्तर मिळेलच असे नाही. छत्तीस वर्षांचा हिशेब कोणालाही एका बैठकीत मांडता येत नाही. आणि तो मिळाल्यावाचून आपण जगू शकत नाही असे धरून बसले, तर माणूस रोज नवे आरोपपत्र लिहीत राहतो, कधी तिच्यावर, कधी स्वतःवर. एकदा विचारावे, शांतपणे, पत्राने विचारले तर उत्तम. ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे. नाही सांगितले तर तिसऱ्यांदा विचारू नये. (एक गोष्ट मात्र वेगळी. उतारवयात माणसाचा सगळा स्वभावच एकाएकी पालटला, पैशाचे, माणसांचे, बोलण्याचे भान सुटू लागले, तर तो मेंदूचा आजार असू शकतो. तिथे डॉक्टर आधी. पण स्वस्थ चित्ताने घेतलेल्या निर्णयाला रोग म्हणण्याची युक्ती कोणी करू नये.)

जबरदस्तीने माणूस आणता येतो का? या प्रश्नाचा निकाल आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिला आहे. मुंबईत १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई नांदायला यावी म्हणून दावा लावला. लग्न अकराव्या वर्षी लागलेले. १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला, तेव्हा तुरुंगात जाईन पण जाणार नाही अशी तिने भूमिका घेतली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी बायकांची सेवा केली, आणि १९५५ साली वारल्या. हिंदू विवाह कायदा झाला तो त्याच साली. त्या कायद्यात घटस्फोटाचे एक कारण असे आहे, की नवऱ्याने किंवा बायकोने संन्यास घेऊन संसाराचा त्याग केला असेल तर दुसऱ्याला मोकळे होता येते. १९७६ साली त्यात परस्परसंमतीची वाट जोडली गेली.

हे सारे पत्रकर्त्यांना लागेल असे नाही. वेगळे राहायला कोर्टाचा कागद लागत नाही. परंतु नवऱ्यानेच साठीच्या बायकोला टाकले, असेही आमच्या ऐकण्यात येते, आणि त्या बाईला धीराच्या आधी तांदूळ हवे असतात. तिने पोटगीचा हक्क पुण्य म्हणून सोडून देऊ नये. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारावे. दागिना मोडण्यापूर्वी आणि कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी तिथे जावे.

असो. पत्रात आणखी एक वाक्य आहे, ते आम्हाला सर्वांत जास्त लागले. "छत्तीस वर्षे खोटी ठरली," असे ते लिहितात. हे मात्र आम्ही मान्य करणार नाही. तीस वर्षे वारी केली, एकतिसाव्या वर्षी पाय चालेनात आणि वारी राहिली, तर मागल्या तीस वाऱ्या पुसल्या गेल्या काय? मुलीला गोवर आला होता तेव्हा दोघे रात्रभर जागलात ना? ती रात्र खरी होती. सासूबाईंची शेवटची शुश्रूषा तिने केली, ती खरी होती. तुम्ही पगार आणून तिच्या हातावर ठेवलात, तेही खरे. ती निघून गेली, याने तिची सेवा रद्द होत नाही आणि तुमचीही होत नाही. जे राहिले नाही ते झालेच नव्हते, असे म्हणण्याची घाई दुःखाला असते. तिच्या आड उभे राहावे लागते.

पंढरीत रखुमाईचे देऊळ वेगळे आहे. ती रुसून दिंडीरवनात आली, देव तिला शोधीत आले आणि पुंडलिकाच्या दारी विटेवर उभे राहिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. देवाने तिला हाताला धरून आपल्या गाभाऱ्यात आणून उभी केली, असे कोणी सांगत नाही. वारकरी आधी इकडे डोके ठेवतो, मग तिकडे जातो, आणि नाव घेतो ते दोघांचे एका दमात.

तर गृहस्थांनी सध्या एवढे करावे. कुकर लावायला शिकावे. मिठाची बरणी कुठे आहे, गॅसचा नंबर कशावर लिहिला आहे, ते पाहावे. काही विचारायचे असेल तर तिला फोन करायला हरकत नाही, पण मिठाच्या निमित्ताने रडू नये. तिच्या नावच्या ठेवी, तिचे कपडे, तिची पोथी, ज्याचे त्याला पोहोचते करावे, मागायची वेळ आणू नये. दिवाळीला मुलगी कोणाकडे आधी जाणार हे मुलीने ठरवावे. तिच्या आजारपणाची बातमी आली तर जावे, बसावे, आणि बरे वाटल्यावर उठून यावे. संध्याकाळचा हरिपाठ दोघे म्हणत असाल तर आता एकट्याने म्हणावा. पहिले काही दिवस दुसरा आवाज नसल्याने मध्येच थांबायला होईल, थांबावे, पुन्हा सुरू करावे. आणि येत्या एकादशीला देवळात कोणी विचारलेच, "का हो, वहिनी दिसत नाहीत?" तर खाली मान घालू नये. "त्या वेगळ्या राहतात, बऱ्या आहेत," असे म्हणून टाळ हातात घ्यावा.