स्वग्रंथाची दवंडी

आपण लिहिलेल्या ग्रंथाची वाखाणणी आपणच करावी काय, हा प्रश्न ग्रंथलेखनाइतकाच जुना आहे. लेखनाचें काम एकांतांत चालतें. परंतु ग्रंथ छापून झाला कीं तो बाजारांत येऊन उभा राहतो, आणि बाजाराला एकांत मानवत नाहीं. त्यांतून लेखक अपरिचित असेल आणि ग्रंथ त्याचा पहिलाच असेल, तर प्रकाशक त्यास बहुधा स्पष्टच बजावतो, "पुस्तक आम्ही काढूं, पण तें लोकांपर्यंत न्यावयाचें तर आपणांस हिंडलें पाहिजे." मग व्याख्यानें द्यावीं, मुलाखती द्याव्या, थोरामोठ्यांचे अभिप्राय मिळवावे, स्नेह्यांकडून परीक्षणें लिहवून घ्यावीं, आणि मोबाईलवरून दिवसांतून दोनदां आपल्या पुस्तकाची आठवण जगास करून द्यावी, असा क्रम सुरू होतो. सुशील मनुष्यास या उद्योगाचा संकोच वाटतो. हा संकोच सद्गुण समजावा कीं नुसता भिडस्तपणा, आणि सद्गुण असल्यास त्याची मर्यादा कोणती, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. त्यासाठीं उदाहरणें सागरप्रवासाच्या, आणि त्यांतहि शिडाच्या होडीनें एकट्यानें केलेल्या प्रवासाच्या, ग्रंथांचीं घेतलीं आहेत. कारण तेथें हा प्रश्न अगदीं उघडा होऊन समोर येतो.

प्रथम संकोचाची बाजू पाहूं. आपल्या परंपरेनें आत्मस्तुतीस कधींच आदरानें वागविलेलें नाहीं. समर्थांनीं दासबोधांत मूर्खांचीं लक्षणें मोजतांना आपली स्तुति आपणच करणाऱ्यास त्यांत गोंविलें आहे. महाभारतांतील कर्णपर्वाचा निवाडा याहूनहि कठोर आहे. गांडीव दुसऱ्यास देऊन टाक असें जो म्हणेल त्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा होती. आणि नेमके तेच शब्द युधिष्ठिराच्या तोंडून निघाले. वडील माणसाचा उपमर्द हाच त्याचा वध, अशी तोड श्रीकृष्णानें काढली. तो उपमर्द करून झाल्यावर पश्चात्तापानें अर्जुन स्वतःचाच प्राण घ्यावयास निघाला, तेव्हां श्रीकृष्णानें सांगितलें कीं, आपल्या मुखानें आपले गुण वर्णन कर, म्हणजे आत्महत्या झालीच! या कथेचें मर्म केवळ विनयाच्या उपदेशांत नाहीं. जो स्वतःची स्तुति करूं लागतो तो त्या क्षणापासून कर्ता राहत नाहीं. आपल्याच कर्तृत्वाचा तो प्रेक्षक बनतो, आणि प्रेक्षकाला पराक्रम करतां येत नाहीं.

परंतु मौनाचेंहि मोल द्यावें लागतें. वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडे सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला, आणि पुढें तो सर्व वृत्तांत लिहून ठेवला. 'माझा प्रवास' हें त्यांचें पुस्तक चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ मध्यें, म्हणजे मूळ घटनांना पन्नास वर्षें लोटल्यावर व लेखकाच्या पश्चात् प्रसिद्ध केलें. वैद्यांचे उपकार मोठेच. तथापि त्यांनीं मजकुरांत फेरफार केले होते, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ति पुढें दत्तो वामन पोतदारांनीं काढली तेव्हां कोठें वाचकांस गोडसे भटजींचा स्वतःचा आवाज ऐकूं आला. त्या काळीं भटजींस गप्प राहण्यास सबळ कारणें होतीं, हें खरें. तरीहि एवढा बोध घेण्यास हरकत नाहीं कीं, साक्षीदार मुका राहिला म्हणजे त्याची साक्ष दुसऱ्याच्या मुखानें वदली जाते, आणि दुसऱ्याचें मुख तिला थोडाफार आपला स्वर देतेंच. म्हणून "माझें पुस्तक चांगलें असेल तर लोक आपण होऊन वाचतील" हें वाक्य नम्रतेचें दिसलें तरी तें अर्धेंच खरें आहे. जें पुस्तक आहे हेंच लोकांस ठाऊक नाहीं, तें त्यांनीं वाचावें कसें?

आतां समुद्राकडे वळूं. नागपूरच्या दक्षिणेस मिहान येथें बसून सागरप्रवासाचें पुस्तक वाचणाऱ्या गृहस्थाची स्थिति ध्यानांत घ्या. येथून कोणताहि किनारा सरळ रेषेंतसुद्धां पांचशें किलोमीटरांहून जवळ नाहीं. तथापि समुद्राशीं या जागेचा संबंधच नाहीं असें नव्हे. बहुविध वाहतुकीचें मालकेंद्र म्हणूनच तिची योजना झाली, आणि समुद्र ओलांडलेल्या किंवा ओलांडावयाच्या मालाच्या लोखंडी पेट्या येथें मोहोरबंद स्थितींत येतात व जातात. आंत काय आहे तें पेटीबरोबरचा कागद सांगतो. त्या कागदाविषयीं संशय आला तर जकातीचा अधिकारी मोहोर फोडून पेटी उघडूं शकतो. एकाकी दर्यावर्दीचें पुस्तक ही मात्र अशी पेटी आहे कीं ती उघडून पाहण्याची सोय कोणासच नाहीं. पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास त्या रात्रीं लाट केवढी होती, शीड फाटलें तेव्हां त्यानें धीर धरला कीं हंबरडा फोडला, हें तो सांगेल तेंच खरें. किनाऱ्यावरील वाचकालाहि तें पडताळतां येत नाहीं. मिहानच्या वाचकाला तर होडी हेलकावे खाते म्हणजे काय याचाहि अनुभव नसतो. जो एकमेव साक्षीदार तोच जर विक्रेताहि झाला, तर त्याच्या साक्षीचें काय होतें? न्यायासनासमोर ज्याचा निकालांत स्वार्थ गुंतलेला आहे अशा साक्षीदाराची साक्ष पारखून घेतात. येथें ती पारखण्यास दुसरें साधनच नाहीं.

एकट्यानें शिडाच्या होडींतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य जोशुआ स्लोकम. त्याचें पहिलें पुस्तक या प्रदक्षिणेचें नव्हतें. ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचें जहाज फुटलें, तेव्हां त्यानें स्वतः एक होडी बांधून पत्नी व दोन मुलांसह अमेरिका गांठली, आणि त्या प्रवासाचें पुस्तक १८९० मध्यें पदरचे पैसे घालून छापलें. तें त्यास पोटापाण्याचें साधन झालें नाहीं. पुढें १८९५ ते १८९८ या काळांत 'स्प्रे' नांवाच्या होडींतून त्यानें प्रदक्षिणा केली, आणि १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या वृत्तांतानें मात्र त्याचें नांव केलें. हा मनुष्य दवंडीस लाजणारा नव्हता. वाटेंतील बंदरांत तो व्याख्यानें देऊन पैसे मिळवी; १९०१ मध्यें बफेलो शहरांतील मोठ्या प्रदर्शनांत त्यानें आपली होडीच नेऊन ठेवली, आणि ती पाहावयास येणाऱ्यांस पुस्तकें विकलीं. हें अशोभनीय होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वाफेच्या जहाजांनीं ज्याचा धंदा बुडविला अशा कप्तानानें आपल्या श्रमाचें मोल मागितलें, यांत गैर कांहींच नाहीं. शिवाय त्यानें लोकांपुढें आधीं मांडली ती होडी, जी त्यानें स्वतःच्या हातांनीं पुन्हा बांधली होती. गिऱ्हाइकास ती हात लावून पाहतां येत होती. ही दवंडी स्तुतीची नव्हती, पुराव्याची होती.

याच्या अगदीं उलट टोंक १९६८ सालच्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतींत दिसतें. कोठेंहि न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ती पहिली शर्यत. लंडनच्या 'संडे टाइम्स' पत्रानें ती पुरस्कारिली होती. त्या शर्यतींत डोनाल्ड क्रोहर्स्ट नांवाचा एक विद्युत्-उपकरणांचा व्यावसायिक उतरला. त्याची होडी पुरती सिद्ध झालेली नव्हती. त्याची कीर्ति मात्र सिद्ध होती, कारण त्यानें निघण्यापूर्वीच प्रसिद्धीसाठीं एक मनुष्य नेमला होता. पराक्रम व्हावयाचा होता, आणि त्याचें वर्णन अगोदर चालू झालें होतें. होडी दक्षिण समुद्रांत टिकणार नाहीं हें कळून आलें तेव्हां परतण्याची वाट कर्जानें व कीर्तीनें बंद केली होती. तो अटलांटिकमध्येंच घुटमळत राहिला, आणि बिनतारी यंत्रावरून खोटी प्रगति कळवूं लागला. इकडे प्रसिद्धि करणाऱ्यानें त्या त्रोटक तारांवर आणखी रंग चढविला. तो मागें लागला आहे अशा समजुतीनें नायजेल टेटली या दुसऱ्या स्पर्धकानें आपली जीर्ण होडी ताणली, आणि मे १९६९ मध्यें ती बुडाली. जुलैमध्यें क्रोहर्स्टची होडी रिकामी सांपडली. आंत त्याची रोजनिशी होती, आणि तिनें सारें सत्य सांगितलें. शर्यत पुरी करणारा एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहैली' ही होडी मुंबईस बांधलेली होती. आपल्या वांट्यास आलेले पांच हजार पौंड त्यानें क्रोहर्स्टच्या कुटुंबास देऊन टाकले.

क्रोहर्स्टला लबाड म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्यानें बोध हातीं लागत नाहीं. त्याच्या दवंडींतील पहिला शब्द खोटा नव्हता. तो केवळ वेळेपूर्वीं उच्चारलेला होता. कृति अगोदर व वर्णन मागाहून, हा स्वाभाविक क्रम उलटला कीं वर्णनाबरहुकूम कृति करावी लागते, आणि ती होत नसेल तर वर्णनच कृतीच्या जागीं उभें करावें लागतें. पुस्तकाचा करार आधीं, प्रवास मागाहून, अशी आजची रीति पुष्कळदां असते. ती सर्वथा त्याज्य म्हणतां येणार नाहीं, कारण प्रवासास पैसा लागतो. परंतु ज्यानें आगाऊ पैसा घेतला त्यानें "मी मध्येंच परतलों" असें लिहिण्याचा हक्कहि आगाऊच राखून ठेवला पाहिजे. त्याच शर्यतींतील बर्नार मॉयतेसिए या फ्रेंच दर्यावर्दीनें तो हक्क बजावला. जिंकण्याची आशा असतां त्यानें शर्यत सोडली व तो ताहितीकडे निघून गेला. गंमत अशी कीं, कीर्तीस पाठ फिरविणाऱ्या या मनुष्यानेंहि १९७१ मध्यें त्या प्रवासाचा ग्रंथ प्रसिद्ध केलाच. बक्षीस नको असणें निराळें आणि वाचक नको असणें निराळें.

आपल्याकडील उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून 'म्हादेई' या होडींतून एकटे निघाले, वाटेंत चार बंदरें घेत मे २०१० मध्यें मुंबईस परतले, आणि आपल्या ग्रंथास त्यांनीं 'द फर्स्ट इंडियन', म्हणजे 'पहिला भारतीय', असें नांव दिलें. ही आत्मस्तुति झाली काय? आमच्या मतें स्तुति आणि गणना यांत भेद आहे. "मी शूर" ही स्तुति. तिचा पडताळा नाहीं. "मी पहिला" ही गणना. ती कोणासहि तपासतां येते. मात्र गणनेचें सारें सत्य तिच्या विशेषणांत असतें. 'तृष्णा' या होडीनें सैन्याच्या एका तुकडीसह पृथ्वीप्रदक्षिणा १९८५ ते १९८७ मध्येंच केली होती. कोठेंहि न थांबतां एकट्यानें प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय अभिलाष टॉमी, ती २०१३ मध्यें पुरी झाली. दोंदे यांचा मान या दोहोंमधला आहे: एकट्यानें, शिडाच्या बळावर, बंदरें घेत. त्यांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकांत एकटेपणाचा व शिडाचा उल्लेख स्पष्ट आहे. पण पुस्तक बाजारांत हातोहात फिरूं लागलें कीं विशेषणें हीं सर्वांत आधीं गळतात, व्यासपीठावरील परिचयकर्ता, वृत्तपत्रांतील मथळा, दुकानांतील फलक, प्रत्येकजण एकेक शब्द वगळतो, आणि शेवटीं उरतो तो नुसता "पहिला." दवंडीचें पाप बहुधा असत्य बोलण्यांत नसतें; तें विशेषण गाळण्यांत असतें. म्हणून आपल्या परिचयांत गळालेला शब्द उठून पुन्हा घालणें, मग टाळ्या थोड्या कमी पडल्या तरी चालतील, हें पहिल्या ग्रंथाच्या कर्त्याचें पहिलें कर्तव्य आहे.

याच प्रवासावरून दुसराहि एक दंडक हातीं येतो. 'एकट्यानें' हा शब्द पाण्यावर खरा असला तरी जमिनीवर तो अपुरा पडतो. या प्रदक्षिणेची मूळ कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. होडी बांधली गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनीं. आणि तिला नांव मिळालें तें तेथील नदीचें. समुद्रावर मनुष्य एकटा असतो तो अनेकांनीं त्यास एकटा जाऊं दिलें म्हणून. ज्या व्याख्यानांत हीं नांवें येतात तें आपोआपच आत्मस्तुतींतून सुटतें. कारण स्वतःच्या कामाविषयीं बोलतांना त्यांत दुसऱ्यांचा वांटा प्रामाणिकपणें मोजणें, याहून आत्मस्तुतीवर चांगला उतारा नाहीं.

तेव्हां संकोच हा सद्गुण खरा. परंतु त्याचें काम लेखकाचें तोंड बंद करणें हें नसून तोंडांतून निघणारा शब्द तपासणें हें आहे. ग्रंथ घडल्यावर त्याची वार्ता वाचकाच्या दारापर्यंत नेणें हें लाजिरवाणें नाहीं. तें लेखनाचेंच शेवटचें प्रकरण आहे, आणि त्यास पहिल्या प्रकरणाचेच नियम लागू आहेत. जें वाक्य ग्रंथांत लिहावयास लेखणी कचरली असती तें सभेंत बोलूं नये. होडी बांधणारा सुतार पुढच्या रांगेंत बसला आहे असें समजून बोलावें. आणि न झालेल्या प्रवासाची कीर्ति उसनी घेऊं नये. समुद्र न पाहिलेला वाचक पुस्तक विकत घेतो तेव्हां त्याच्यापाशीं पारखण्याचें साधन नसतें, केवळ विश्वास असतो. ज्यास फसविणें सर्वांत सोपें आहे त्याच्याशींच सर्वांत खरें बोलावें लागतें.