दोन माणसं कमी

पुण्यात उभा जन्म नोकरीत घालवून एक हिशेबनीस निवृत्त झाले. चौकाचौकात गाडीत बसून राहायचा वीट आला होता, मुलगा परदेशी होता. नवरा-बायकोनं ठरवलं, आता मध्यम आकाराचं शहर गाठायचं. हिशेबनीसांनी वही उघडली. डाव्या पानावर सातारा, उजव्या पानावर सांगली. पाणी, दवाखाने, उन्हाळा, रहदारी. प्रत्येकाला दहापैकी गुण.

आधी सातारा. मेहुणीकडे उतरले. पहाटे अजिंक्यतारा चढून आले, मोती चौकात कंदी पेढे घेतले, कास तलावाचं पाणी पिऊन नऊ गुण दिले. पोवई नाक्यावर भुयारी रस्ते झाले असले तरी रहदारीचे दोन कापले. मेहुणी म्हणाली, "रविवारी संध्याकाळी स्टँडवर जाऊन बघा. पुण्याच्या गाडीला सगळी आमचीच पोरं." हिशेबनीसांनी 'गाव शांत' असं लिहून एक गुण वाढवला. पोरं निघून गेल्यानं आलेली शांतता जमेला धरायची की खर्ची टाकायची, हे त्यांच्या वहीत नव्हतं.

मग सांगली. गावभागात शाळासोबती होता, जन्मभर हळदीच्या पेढीवर काम केलेला. त्यानं दोघांना गणपतीच्या देवळात नेलं, येताना भडंग घेतलं. मिरजेचे दवाखाने दहा किलोमीटरच्या आत, म्हणून तिथं नऊ गुण. नाटकाचा रकाना वहीत नव्हता. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली पहिलं मराठी नाटक केलं ते इथंच, असं मित्रानं छाती फुगवून सांगितल्यावर तो घालून गुण द्यावा लागला. एप्रिलच्या उन्हानं मात्र तो गुण लगेच परत घेतला.

मित्र हळदीवर आला की थांबत नसे. जवळच्या हरिपूरची पेवं म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठारं. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. 2005च्या महापुरात त्यातच पाणी शिरलं. बोलता बोलता त्यानं घरातली भिंत दाखवली. खिडकीच्या वर मातकट रेघ होती.

"2019ची. नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फूट झालं की इशारा, 45ला धोका. त्या ऑगस्टात 57च्या वर गेलं. पावसाळ्यात इथं माणूस भेटला की तब्येत विचारत नाही, कोयना धरणातनं किती पाणी सोडलं ते विचारतो."

"कोयना सातारा जिल्ह्यातली ना?" बाई नवऱ्याला म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या डाव्या पानावरचा पाऊस उजव्या पानावर उतरतो."

हिशेबनीसांनी सांगलीपुढं 'पूर' लिहून शून्य दिलं आणि वही मिटली. बाईंनी मात्र विचारलं, "भावजी, पाणी यायला लागलं की सामान माळ्यावर चढवायला माणसं किती लागतात?"

"चार तरी पाहिजेत, वहिनी. आम्ही दोघं. पोरं दोन्ही पुण्यात."

"म्हणजे दोन कमी."

"दोन कमी पडतात खरी," मित्र म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

रात्री हिशेबनीसांनी बेरीज दाखवली. सातारा सहा गुणांनी पुढं होता. बाई म्हणाल्या, "दिसतंय. पण साताऱ्यात आपल्यावाचून कुणाचं अडत नाही." साताऱ्यावर हा जरा अन्यायच झाला. मेहुणीचे गुडघे गेले होते, बाजाराची पिशवी घेऊन तिला जिना चढवत नव्हता; फक्त पाहुण्यांना तिनं ते सांगितलं नव्हतं. पुढं हे बोलणं कळलं तेव्हा ती बहिणीवर महिनाभर रुसली.

घर सांगलीच्या विश्रामबागेत घेतलं, भाड्यानं, दुसऱ्या मजल्यावर. शेवटी हिशेबनीसच ते.

जुलैत पाणी 38 फुटांवर आलं. मित्र फोनवर म्हणत होता, "अजून वेळ आहे रे, घाई करू नको." तोवर हे दोघं गावभागात हजर. हिशेबनीसांनी सामानाची क्रमवार यादी करून आणली होती. आधी गॅसची टाकी, मग धान्य, मग कागदपत्रांची पेटी, फ्रीज सातवा. दारात उभं राहून ते ती मोठ्यानं वाचू लागले. शेजारची दोन पोरं मित्राचा फ्रीज घेऊन जिन्याच्या वळणावर अडकली होती.

"काका," त्यातला एक ओरडला, "यादी मागनं वाचा, आधी खालनं धरा!"